जुन्या गाडीसाठी दिल्ली: रविवार ते रविवार

रविवार

गोवा एक्स्प्रेस मिरजेला रात्री उशिरा येते. घरातून निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "गाडी बघितल्याबिगर पैसं कुणाच्या हातात देऊ नका." ती असं म्हणाली त्याला कारण होतं. आदल्या वर्षी माझ्या चुलतभावानं दिल्लीच्या एका डीलरकडून फोनवरच गाडी ठरवली होती. फोटो छान, भाव स्वस्त. आधी २१ हजार टोकन. मग गाडी ट्रेलरवर चढवली म्हणून वाहतुकीचे १५ हजार. मग सीमेवर कर भरायचाय म्हणून आणखी १५. एकूण ५१ हजार गेले आणि फोन बंद झाला. भावानं लाजेपोटी चार दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली ती पाचव्या दिवशी, तोवर पैसे त्या खात्यातून पुढच्या खात्यांत निघून गेले होते. तासाभरात फोन केला असता तर निदान खातं गोठवायला वाव होता. गेलेल्या पैशापेक्षा मला त्याच्या त्या चार दिवसांचं जास्त वाईट वाटतं. फसलेल्या माणसानं तोंड लपवावं, असा हा गुन्हा त्याचा नव्हताच.

तरीही मी दिल्लीलाच निघालो होतो. घरात आम्ही सहाजण, वडिलांचे गुडघे गेलेले, आणि मला सात सीटची डिझेल गाडी हवी होती. २०१६ ची अर्टिगा सांगली-कोल्हापुरात साडेसहा लाखांच्या खाली मिळेना. दिल्लीत तीच पावणेपाच लाखांच्या आसपास सांगत होते. हा फरक खोटा नव्हता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यामुळे तेव्हा तिथली डिझेल गाडी सात-आठ वर्षांची झाली की मालक ती काढायच्या घाईला यायचा. गाडी चांगली असायची, तिचे दिल्लीतले दिवस तेवढे संपत आलेले असायचे. स्वस्त का, याचं उत्तर खरं असतं, म्हणूनच त्या खऱ्या उत्तराच्या आडोशाला बसून फसवणारेही तिथंच जमतात.

बरोबर मेव्हणा होता. सांगलीत त्याचं गॅरेज आहे, वीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढलेला मिस्त्री. माझं मिरजेत औषधांचं दुकान. इंजिनातलं मला काही कळत नाही, आणि तो कागद वाचायला कंटाळतो. म्हणून दोघं. फेब्रुवारी २०२४ चे दिवस. दुकान धाकट्या भावावर सोपवलं होतं.

सोमवार

पुणे पहाटे झोपेत गेलं. मनमाडला उजाडून बराच वेळ झाला होता, भुसावळला केळी घेतली. दिवसभर गाडीत बसून करायचं काय, म्हणून मी डीलरबरोबर महिनाभर चाललेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं मेव्हण्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं.

गाडीच्या प्रत्येक फोटोत नंबरप्लेट झाकलेली. नंबर मागितल्यावर दोन दिवस टाळाटाळ, तिसऱ्या दिवशी दिला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर तो टाकला तर नोंदणी २०१६ ची, डिझेल, पहिलाच मालक, बँकेचा बोजा नाही. सगळं जुळत होतं. मग टोकनचा तगादा सुरू झाला. "जयपुर से एक पार्टी निकल चुकी है, आप इक्कीस हजार डाल दो तो गाडी रोक लेता हूँ." मी कळवलं, माझं तिकीट निघालंय, येतो तेव्हा बघू. त्यावर त्यानं क्यूआर कोड पाठवला आणि हजार रुपये तरी टाका म्हणाला. टाकले नाहीत. जयपूरची पार्टी पुढचे दहा दिवस रोज निघत होती.

मेव्हणा खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. इटारसीच्या आसपास म्हणाला, "दाजी, एक सांगू का?"

आणि २०१९ च्या पुराचं बोलला. त्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात, टिळक चौकात, कुठं कुठं गाड्या आठ-आठ दिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी उतरल्यावर त्याच्या गॅरेजसमोर रांग लागली. माझी वॅगन आरसुद्धा त्याच रांगेत होती, गावभागात मित्राच्या दारात लावली होती ती. बऱ्याच गाड्या विमा कंपन्यांनी निकालात काढल्या आणि त्या लिलावात गेल्या. त्यातल्या सात गाड्या एका एजंटनं आणून याच्या दारात लावल्या. सीट काढून वाळवायच्या, गालिचा धुवायचा, वायरिंग चालू करायचं, मजुरी रोख. त्यानं केलं. गाड्या महिन्याभरात ट्रेलरवर चढून परराज्यात गेल्या.

"मी काय विकल्या नाहीत," तो म्हणाला. "पण धुतल्या मीच. घेणाऱ्यानं इचारलं असतं तर सांगितलं असतं. पण घेणारा माझ्यापातुर येणारच नव्हता की."

मी काही बोललो नाही. पुरात बुडाली होती, असं आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कुठंच छापलेलं नसतं. ते फक्त धुणाऱ्याला माहीत असतं. भोपाळ येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

मंगळवार

निजामुद्दीनला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. पहाडगंजमध्ये लॉज घेतला, अंघोळ, चहा, आणि मेट्रोनं पश्चिम दिल्लीत. डीलरचं नाव आणि गल्ली मी मुद्दाम लिहीत नाही.

आत गेल्या गेल्या कळलं की आमची गाडी "कल रात ही निकल गयी". पण तिच्याहून सरस अशी दुसरी उभी आहे, तेच मॉडेल, तोच रंग, ४८ हजार रनिंग, भाव चार लाख चाळीस. म्हणजे ॲपवर मी जी तपासली ती गाडी दाखवायची होती, विकायची नव्हतीच. एवढ्या लांबून आलेला माणूस मोकळ्या हातानं परत जात नाही, याच हिशोबावर हा धंदा चालतो. म्हणून निघायच्या आधीच मी घरी सांगून ठेवलं होतं की रिकामा परत येईन आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. परतीचं रेल्वेचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं, नंतर रद्द करता येतं. खिशात ते तिकीट होतं म्हणून मी त्या खुर्चीत शांत बसू शकलो.

गाडी चकाचक होती. दार उघडलं तर अत्तराचा भपकारा. मेव्हणा म्हणाला, "काचा वर घेऊन दारं लावा आणि धा मिनिटं उन्हात ऱ्हाऊ दे." डीलरनं चहा मागवला. दहा मिनिटांनी मेव्हण्यानं मागचं दार फटीएवढं उघडून नाक लावलं. मग मला बोलावलं. अत्तराच्या खाली आणखी एक वास होता, ओल्या पोत्यासारखा. २०१९ साली महिनाभर हाच वास आमच्या घराच्या भिंतींना येत होता.

त्यानं मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढायला लागला. आपण पट्टा लावतो तेवढा तर सगळेच ओढून बघतात आणि धुणारेही तेवढाच धुतात. हा ओढतच राहिला, गुंडाळीतला शेवटचा वेढा सुटेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्टीवर आडवी मातकट कड होती. कडेच्या एका बाजूला पट्टा काळाभोर, दुसऱ्या बाजूला राखाडी. त्यानं नखानं ती कड खरवडली आणि बोट माझ्यासमोर धरलं. बारीक राखाडी पूड, उन्हात धरली की चमचमणारी.

"आपल्या कृष्णेचा गाळ काळा," तो हळूच म्हणाला. "ह्यो इथला हाय."

जुलै २०२३ मध्ये यमुनेनं दिल्लीत २०८.६६ मीटरची पातळी गाठली होती. त्याआधीचा विक्रम १९७८ चा. आम्ही ते टीव्हीवर बघितलं होतं, लाल किल्ल्यामागचे रस्ते पाण्याखाली, आणि आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले होते, कारण त्या गोष्टी आम्ही अंगणात बघितल्या होत्या. त्या पाण्यात उभी असलेली एक गाडी सात महिन्यांनी आमच्यापुढे धुऊन ठेवली होती.

मग त्यानं मला एकेक दाखवलं. ड्रायव्हरच्या सीटखालचे रूळ, त्यांचे बोल्ट गंजून तांबडे झालेले, पण वर ग्रीस थापलेलं. स्टीअरिंगखाली फ्यूजच्या डब्यामागचा वायरींचा जोड उपसला तर पितळी टोकांवर हिरवट पांढरी बुरशी बसल्यासारखं. उजव्या हेडलाइटच्या आत पाण्याचा पुसट डाग. बॅटरीच्या वॉरंटीवर ऑगस्ट २०२३. सीट कव्हर, पायपुसणी, हॉर्न, स्पीकर, सगळंच नवं. "एकाच महिन्यात सगळं का बदललंय?" हा त्याचा साधा प्रश्न. आणि ४८ हजार रनिंगच्या गाडीचं ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले. मीटर मागं नेलं होतं हे मलासुद्धा कळलं. आकडा पडद्यावर बदलता येतो, पण पावलानं झिजवलेलं रबर बदलायचं बहुतेक राहून जातं.

डीलरला विचारलं तर त्याचा चेहराही बदलला नाही. "दिल्ली में थोडा बहुत पानी तो हर गली में आता है, भाईसाब." आरसी बघायला मागितली तर आधी टोकन. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. भांडलो नाही. परक्या शहरात, त्याच्या गल्लीत, भांडून काय मिळणार होतं? बाहेर आल्यावर मेव्हणा नळाशी बराच वेळ बोट धूत उभा राहिला.

दुपारी करोल बागेत आणखी दोन गाड्या बघितल्या. एकीच्या आरसीवर अजून बँकेचं नाव होतं. "लोन तो कब का खतम है" असं तोंडी सांगत होते, पण बँकेचं पत्र आणि बोजा उतरल्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दाखवू शकले नाहीत. बोजा उतरल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणारच नाही, त्यामुळे तिथं पाच मिनिटांत उठलो. दुसरीच्या बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालेला होता, आत एका बाजूला कंपनीचे गोल वेल्ड आणि दुसऱ्या बाजूला हातानं ओढलेला वेल्ड. पुढून मोठी ठोकर खाल्लेली. बोल्ट कुणी फिरवलेत का, हे बघायला मिस्त्री असावंच लागतं असं नाही. कोणीही वाकून बघावं.

रात्री कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला गेलो. आजूबाजूला मराठी ऐकलं आणि दिवसभराचा ताण उतरला.

बुधवार

रोहिणीतला हा डीलर मी यादीत शेवटी ठेवला होता, कारण त्याचा भाव सगळ्यांत जास्त, ४ लाख ८५ हजार. फोनवर त्यानं टोकन मागितलं नव्हतं, नंबरप्लेटसकट फोटो पाठवले होते आणि म्हणाला होता, आके देख लो. एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, पण जाऊन बघायला एवढं पुरे.

आत भिंतीवर चौकटीत परवाना होता. १ एप्रिल २०२३ पासून नियम आला आहे की जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९-सी भरून कळवायचं, आणि तिथून गाडी विकली जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तोच. नियम चांगला आहे. गाडी अधेमधे कुणाकडे होती, हे आता कुणाला तरी बांधून ठेवतं. मी परवान्याचा नंबर आणि मुदत वहीत लिहून घेतली. डीलरला राग आला नाही. उलट २९-सी ची पावती त्यानं स्वतःहून काढली.

मी म्हटलं, मूळ मालकाशी बोलायचंय. इथं तो जरा अडखळला. डीलर लोकांना हे आवडत नाही, मधला भाव उघडा पडतो ना. मी स्पष्ट सांगितलं, तुमचा फायदा किती ते मी विचारणार नाही, पण आरसीवर ज्यांचं नाव आहे त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देणार नाही. अर्ध्या तासानं त्यानं फोन लावून दिला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. म्हणाले, घरीच या.

गेलो. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली. २०१६ पासूनची सर्व्हिसची प्रत्येक पावती, तारखेनं लावलेली, प्रत्येकीवर किलोमीटर. मी ओळीनं वाचत गेलो, आकडे वर्षाला दहा हजारांच्या आसपास चढत चढत ७१ हजारांवर आले, आणि गाडीच्या मीटरवर ७१ हजार ४०० होते. मध्ये २०२० मध्ये जेमतेम अडीच हजार, तेही पटलं. मग ते आपणहून म्हणाले, "पिछला बायाँ दरवाजा स्कूटी ने रगडा था, पेंट कराया है. और क्लच थोडा भारी है." ज्या दोन खोडी मेव्हण्यानं सकाळीच मला कानात सांगितल्या होत्या, त्या दोन्ही त्यांच्या तोंडून आल्या. त्या माणसाला मला नमस्कार करावासा वाटला आणि मी केला.

दुपारी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून गाडी लिफ्टवर चढवली. पट्टे शेवटपर्यंत ओढून झाले, स्वच्छ. इंजिन सकाळी थंड असताना चालू करून बघितलं होतं, आधी बॉनेटवर हात ठेवून, कारण डीलर आधीच इंजिन तापवून ठेवतात आणि थंडीतला धूर दिसत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर २०२१ चे, आणि फाइलमध्ये २०२१ ची टायरची पावती होती. अशी गोष्टीला गोष्ट लागत गेली की मन निवतं. चेसिस नंबर मी फडक्यानं पुसून आरसीशी अक्षर अक्षर जुळवला, सतरा अक्षरं, आणि त्यावर कागद धरून पेन्सिलनं ठसा घेतला, तो पुढं आरटीओलाही लागतो.

भाव ४ लाख ६० हजारांवर आला. क्लचचं निमित्त मेव्हण्यानं चांगलं धरून ठेवलं होतं.

गुरुवार

आजचा दिवस माझा होता, कागदांचा.

ई-चलान बघितलं, तीन दंड बाकी. मालकांनी समोर बसून भरले. गाडी चोरीच्या नोंदीत नाही याचा पोलिसांच्या संकेतस्थळावरचा दाखला काढला. त्यांचा फास्टॅग त्यांनी बंद केला आणि मी माझा काढला. नाहीतर इथून मिरजेपर्यंतचा टोल त्यांच्या खात्यातून गेला असता. पीयूसी आणि विम्याची मुदत बघितली. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवायचं असतं, ही तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी तशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. परराज्यात न्यायची म्हणून फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा, ना-हरकत दाखल्याचा अर्ज, तो माझ्यासमोर ऑनलाइन भरून पावती घेतली. अर्जात पुढचं आरटीओ सांगली हेच निवडलंय ना, ते दोनदा बघितलं.

पैसे फक्त आरटीजीएसनं, आणि फक्त परवान्यावर ज्या नावाची नोंद आहे त्याच नावाच्या खात्यात. कुणाच्या भाच्याच्या नंबरवर नाही, रोख नाही. आधी एक रुपया पाठवून नाव जुळवलं. चार लाख वीस हजार गेले. चाळीस हजार मी राखून ठेवले, एनओसी माझ्या हातात आली की देणार, असं बिलावरच लिहून दोघांच्या सह्या. डीलरनं थोडी कुरबुर केली. पण इथं ढिलं पडायचं नाही. अडकतात ते बहुतेक इथंच, गाडी दारात येते आणि एनओसीसाठी वर्षभर फोन करत बसतात, कारण डीलरला आता तुमच्याकडून काही येणं उरलेलं नसतं.

आणि ताबा पावती. तिच्यावर तारीख तर असतेच, मी वेळसुद्धा लिहून घेतली, दुपारी १ वाजून १० मिनिटं. त्या मिनिटापर्यंत त्या गाडीनं काही केलं असेल तर ते त्यांचं, त्यानंतरचं माझं.

दोनला निघालो. मेव्हण्यानं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. यमुना एक्स्प्रेसवेवर गाडी शंभरवर गेली तरी स्टीअरिंग हातात शांत. आग्रा ओलांडून धौलपूरजवळ चंबळचा पूल अंधारातच गेला. ग्वाल्हेरला मुक्काम.

शुक्रवार

ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, ब्यावरा. रस्ता चांगला, दोन्हीकडं गहू आणि मोहरी. लिहिण्यासारखं काही घडलं नाही आणि त्याचंच समाधान होतं. गुन्याच्या पुढं टाकी भरली, हिशोब केला, लिटरला वीसच्या थोडं वर. इंदूरला रात्री सराफ्यात गरम जिलबी खाल्ली. मेव्हणा पहिल्यांदा हसला असेल तो इथं.

शनिवार

खलघाटला नर्मदा. गाडी कडेला लावून आम्ही खाली उतरलो, ओंजळभर पाणी गाडीच्या बॉनेटवर शिंपडलं. आमच्या घरात नवीन आलेल्या वस्तूला नदी दाखवायची पद्धत आहे. जुनी असली तरी आम्हाला ती नवीच.

बिजासन घाटात ट्रकांच्या रांगेत क्लचचा वास आला. मेव्हणा म्हणाला, घरी गेल्या गेल्या बदलू, तोवर मी चालवतो. घाट उतरून पळासनेरला पोहोचलो आणि दुकानांच्या पाट्या मराठी झाल्या. टपरीवर "दोन कटिंग" एवढं म्हणायला किती बरं वाटलं. तापीचा पूल, धुळे, मालेगाव, आणि नाशिकला मुक्काम.

रविवार

संगमनेर, नारायणगाव, पुणे, खंबाटकी, कराड. संध्याकाळी मिरजेत. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. वडील काठी टेकत आले आणि मधल्या सीटवर कुणाचा हात न धरता बसले. आठवड्यात मी एवढंच तर शोधत होतो.

नंतरचं थोडक्यात. एनओसी एकोणिसाव्या दिवशी आली, त्याच दुपारी चाळीस हजार पाठवले. सांगली आरटीओत तपासणी, महाराष्ट्राचा कर, फी धरून साठ हजारांच्या आसपास गेले. दोघांचा जाण्यायेण्याचा, राहण्याचा, डिझेलचा खर्च सत्तावीस हजार, क्लच अकरा. म्हणजे सगळं मिळून साडेपाच लाखांच्या वर. इथल्या भावापेक्षा नव्वद हजार वाचले. लोक सांगतात तसे अडीच-तीन लाख वाचत नाहीत, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आणि मिस्त्री घरातला होता. तो पैसे देऊन न्यावा लागला असता तर आणखी कमी. एमएच १० चा नंबर पडला त्या दिवशी चुलतभाऊ पेढे घेऊन आला होता.

आता जुनी वॅगन आर काढायची होती. एजंट म्हणाला, पुराचं बोलू नका, पाच वर्षं झाली, चालतेय की छान. जतहून एक शिक्षक नवरा-बायको बघायला आले, बरोबर लहान मुलगी. गाडी त्यांना आवडली, शिक्षकांनी तर खिशात हात घातला. तेवढ्यात मेव्हणा गॅरेजमधून आला. हात पुसत सरळ मागचं दार उघडलं, पट्टा धरला आणि ओढत गेला, शेवटपर्यंत. काळ्या मातीची कड बाहेर आली.

"सर, ही बघा," तो म्हणाला. "२०१९ ला पाण्यात होती. वायरिंग मी नवं टाकलंय, पण होती."

शिक्षक वाकले. बोटानं त्या कडेला हात लावला. त्यांनी विचारलं, "किती पाणी होतं?"

मेव्हण्यानं दाराच्या बाहेरून तळहात आडवा धरला, काचेच्या खाली, हँडलच्या जरा वर. "इथपर्यंत."